एका ओळीची पारख

प्रस्तावना

दिवाळी जवळ आली की घरोघरी साफसफाई सुरू होते. माळ्यावरची अडगळ खाली उतरते, जुनी ट्रंक उघडली जाते, फाटके कागद बाजूला काढले जातात. अशा वेळी घरातील वडीलधारे माणूस हमखास जवळ येऊन बसते आणि प्रत्येक कागद टाकण्यापूर्वी हातात घेऊन पाहते. वरवर रद्दी दिसणाऱ्या त्या चळतीत एखादे जमिनीच्या खरेदीचे कागदपत्र असू शकते, हे त्याला ठाऊक असते. साफ करणारा आणि पाहणारा, दोघांचाही हेतू एकच असतो. तरीही पाहणाऱ्याची नजर वेगळी असते.

संगणकाच्या जगातही अशी साफसफाई सतत चालू असते आणि तेथेही कागद हातात घेऊन पाहणारे लोक असतात. प्रस्तुत पाठात ‘लिनक्स’ या मुक्त प्रणालीच्या गाभ्यात केल्या जाणाऱ्या लहान दुरुस्त्या आणि त्यांचे परीक्षण यांची माहिती दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• कर्नल आणि पॅच या संज्ञांचा अर्थ सांगता येईल.
• लहान दुरुस्तीचेही परीक्षण का आवश्यक असते, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• परीक्षक कोणते प्रश्न विचारतो, ते लिहिता येईल.
• स्वतःच्या कामातील दुरुस्ती दुसऱ्याला कशी समजावून द्यावी, याचा विचार करता येईल.

मूळ पाठ

१. कर्नल म्हणजे काय?

संगणकात दोन प्रकारच्या गोष्टी असतात. पडदा, कळफलक, स्मृती, चकती यांसारखी यंत्रे, आणि त्या यंत्रांकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञावली. यंत्रे आणि आज्ञावली यांच्या मध्ये एक कारभारी असतो. कोणत्या आज्ञावलीला किती वेळ द्यायचा, कोणाला किती स्मृती द्यायची, कोणाला कोणती फाइल उघडू द्यायची आणि कोणाला नाही, हे सर्व तो ठरवतो. या कारभाऱ्यास ‘कर्नल’ म्हणतात. कर्नल म्हणजे गर, गाभा. फळाच्या आतला गर जसा बाहेरून दिसत नाही, तसाच कर्नलही वापरणाऱ्याला दिसत नाही. परंतु तो बिघडला तर सारा संगणक ठप्प होतो.

‘लिनक्स’ या कर्नलची सुरुवात फिनलंड देशातील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लायनस टॉर्वल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये केली. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. आज त्या कर्नलमध्ये तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. जगातील बहुसंख्य सर्व्हर, मोठमोठे महासंगणक आणि अँड्रॉइड प्रणालीवर चालणारे कोट्यवधी मोबाइल फोन याच कर्नलवर चालतात. म्हणजेच, ज्या माणसाने ‘लिनक्स’ हे नावही ऐकलेले नाही, त्याच्या खिशातही तो असण्याची शक्यता मोठी आहे.

या कर्नलचे वैशिष्ट्य असे की त्याचा मूळ मजकूर, म्हणजे स्रोत, सर्वांसाठी खुला आहे. कोणीही तो वाचू शकतो, बदलू शकतो आणि आपला बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवू शकतो. पाठवणाऱ्याकडे पदवी आहे की नाही, तो नोकरी करतो की घरी बसून शिकतो, हे विचारले जात नाही. विचारले जाते ते एवढेच : हा बदल योग्य आहे का, आणि तो का केला, हे सांगता येते का?

२. पॅच म्हणजे काय?

फाटलेल्या कापडाला लावलेल्या ठिगळास इंग्रजीत ‘पॅच’ म्हणतात. आज्ञावलीच्या क्षेत्रात मूळ मजकुरातील नेमका बदल दाखवणाऱ्या टिपणास हेच नाव मिळाले. संपूर्ण फाइल पुन्हा न पाठवता केवळ बदललेला भाग पाठवायचा, ही त्यामागील कल्पना. काढलेल्या ओळीच्या आरंभी वजाचे चिन्ह असते आणि नव्या ओळीच्या आरंभी अधिकचे. बदलाच्या वर-खाली सहसा तीन-तीन न बदललेल्या ओळी दिलेल्या असतात, त्यामुळे बदल कोठे झाला ते वाचणाऱ्याला कळते.

प्रत्येक पॅचसोबत त्याचे वर्णन असते. पहिली ओळ थोडक्यात विषय सांगते. पुढील परिच्छेदांत मूळ अडचण काय होती आणि हा बदल का करावा लागला, हे लिहिलेले असते. शेवटी पाठवणारा आपल्या नावाने अशी ग्वाही देतो की हे काम सादर करण्याचा आपणांस अधिकार आहे. ही पद्धत २००४ मध्ये सुरू झाली. पॅच ज्यांच्या ज्यांच्या हातून पुढे जातो, ते सर्वजण त्याखाली आपले नाव लिहीत जातात. त्यामुळे एखादी ओळ कर्नलमध्ये कोणाच्या हातून आली, हे पुढे कित्येक वर्षांनीही शोधता येते.

कर्नलचे अनेक विभाग आहेत आणि बहुतेक विभागांना देखभाल करणारी जबाबदार व्यक्ती नेमलेली आहे. तिला ‘मेंटेनर’ म्हणतात. पॅच त्या विभागाच्या मेंटेनरकडे आणि इतर जाणकारांकडे जातो. ते तो वाचतात, शंका विचारतात, सुधारणा सुचवतात. पाठवणारा सुधारून दुसरी प्रत पाठवतो. गरज पडल्यास तिसरी, चौथीही. मान्य झालेला पॅच मेंटेनरच्या संग्रहातून वर वर जात अखेरीस मुख्य संग्रहात पोहोचतो. सुमारे नऊ ते दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती निघते आणि तेवढ्या काळात दहा हजारांहून अधिक बदल स्वीकारले जातात.

३. साफसफाईची गरज

यांतील सर्व पॅच नवी सोय देणारे किंवा मोठा दोष दूर करणारे नसतात. काही पॅच केवळ साफसफाईचे असतात. कोठे शब्दाचे स्पेलिंग चुकलेले असते, कोठे ओळ फार लांब झालेली असते, कोठे एखादे चल कधीच वापरले गेलेले नसते, तर कोठे जुन्या पद्धतीच्या जागी नवी, अधिक सुरक्षित पद्धत आणायची असते.

कर्नलच्या लेखनाचे काही नियम ठरलेले आहेत. ओळीची आतली पायरी आठ अक्षरांच्या रुंदीची असावी. पायऱ्या तीनपेक्षा जास्त होऊ लागल्या तर रचनाच सुधारावी. ओळ शक्यतो ऐंशी अक्षरांत बसवावी. हे नियम पाळले आहेत की नाहीत ते तपासण्यासाठी ‘चेकपॅच’ नावाची आज्ञावली कर्नलसोबतच दिलेली असते. २०२० मध्ये तिने ओळीच्या लांबीची मर्यादा शंभर अक्षरांपर्यंत सैल केली; ऐंशीची पसंती मात्र कायम राहिली.

हा नीटनेटकेपणा केवळ शोभेसाठी नाही. मजकूर एक माणूस लिहितो, पण शेकडो माणसे वाचतात. अस्ताव्यस्त मजकुरात चूक सहज लपते. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपल कंपनीच्या प्रणालीत आढळलेला दोष याचे बोलके उदाहरण आहे. ‘पुढचे सोडून शेवटाकडे जा’ अशा अर्थाची एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. दुसरी ओळ पहिलीच्या खाली, तितकीच आत सरकवून लिहिलेली असल्याने ती वरच्या अटीचाच भाग वाटत होती. प्रत्यक्षात ती अटीबाहेर होती आणि दर वेळी अमलात येत होती. परिणामी, समोरचे संकेतस्थळ खरे आहे की बनावट, याची एक महत्त्वाची तपासणी केलीच जात नव्हती. डोळ्यांना एक दिसत होते आणि यंत्र दुसरेच करत होते.

साफसफाई करताना कधी कधी खरे दोषही सापडतात. कर्नल ज्या ‘सी’ भाषेत मुख्यतः लिहिलेला आहे, त्या भाषेत अनेक पर्यायांतून निवड करताना एका पर्यायाचे काम संपल्यावर ‘येथे थांबा’ असे स्पष्ट लिहावे लागते. न लिहिल्यास यंत्र पुढील पर्यायात घुसते. कधी हे मुद्दाम केलेले असते, तर कधी ती विसरभोळेपणाची चूक असते. कर्नलमध्ये अशा जागा हजारोंनी होत्या. २०१७ नंतरच्या काही वर्षांत त्या एकेक करून तपासण्यात आल्या आणि जेथे पुढे जाणे हेतुपुरस्सर होते तेथे तसे स्पष्ट लिहिण्यात आले. वरवर कंटाळवाण्या वाटणाऱ्या या कामातून खऱ्या चुकाही उघड झाल्या.

४. एका चिन्हाचे मोल

मराठी शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घाला महत्त्व का, हे शिकताना काही जोड्या दिल्या जातात. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. ‘शिर’ म्हणजे डोके आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. एका वेलांटीने किंवा उकाराने अर्थ पालटतो. ‘सी’ भाषेतही अशीच एक जोडी आहे. ‘=’ या चिन्हाचा अर्थ ‘ही किंमत दे’ असा होतो, तर ‘==’ या चिन्हाचा अर्थ ‘दोन्ही सारखे आहेत का ते पाहा’ असा होतो.

नोव्हेंबर २००३ मध्ये कर्नलच्या मजकुराच्या एका प्रतीत कोणीतरी गुपचूप शिरून दोन ओळी घुसवल्या. त्या वाचल्यावर असे वाटे की, वापरणारा हा संगणकाचा सर्वाधिकारी आहे का, अशी एक साधी तपासणी केली जात आहे. लिनक्समध्ये सर्वाधिकाऱ्याचा क्रमांक शून्य असतो. पण त्या ओळीत ‘==’ च्या जागी ‘=’ होते. म्हणजे तपासणी होतच नव्हती. विशिष्ट प्रकारे विनंती करणाऱ्या कोणालाही सर्वाधिकार बहाल केला जात होता.

हा डाव फसला. मुख्य संग्रह वेगळ्या ठिकाणी होता आणि ही केवळ त्याची नक्कल होती. नकलेत दिसणाऱ्या या बदलाची मुख्य संग्रहात कोणतीही नोंद नव्हती. बदल कोणी सुचवला, कोणी तपासला, कोणी मान्य केला, याचा मागमूस नसल्यामुळेच तो थोड्याच वेळात पकडला गेला. एका चिन्हाने केवढा अनर्थ होऊ शकला असता आणि नोंद ठेवण्याच्या सवयीने तो कसा टळला, हे या प्रसंगातून दिसते.

५. ‘अनावश्यक’ वाटलेली ओळ

वरील प्रसंगात हेतू वाईट होता. परंतु चांगल्या हेतूने केलेली साफसफाईही घातक ठरू शकते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कर्नलमधील नसून लिनक्सवर आधारलेल्या ‘डेबियन’ या प्रणालीतील आहे.

संगणकावरील गुप्त व्यवहारांसाठी लागणाऱ्या किल्ल्या तयार करणारी ‘ओपनएसएसएल’ नावाची आज्ञावली आहे. किल्ली सुरक्षित असायची तर ती कोणालाही ओळखता न येणाऱ्या यादृच्छिक अंकांपासून बनली पाहिजे. चुका शोधणारे एक साधन या आज्ञावलीतील काही ओळींविषयी वारंवार इशारा देत होते. २००६ मध्ये डेबियनच्या प्रतीतून त्या ओळी वगळण्यात आल्या. इशारा थांबला. आज्ञावली पूर्वीसारखीच चालत राहिली. सारे काही स्वच्छ झाले असे वाटले.

प्रत्यक्षात वगळलेल्या ओळींपैकी एक ओळ यादृच्छिकता मिसळण्याचे मुख्य काम करत होती. ती गेल्यावर उरला तो केवळ चालू कामाचा क्रमांक, आणि त्याच्या शक्यता होत्या फक्त ३२,७६८. अगणित वाटणाऱ्या किल्ल्या प्रत्यक्षात मोजता येण्याजोग्या झाल्या. मे २००८ मध्ये हा दोष उघडकीस आला, तोपर्यंत सुमारे दोन वर्षे लोटली होती. त्या काळात डेबियनवर आणि तिच्यावर आधारलेल्या प्रणालींवर तयार झालेल्या किल्ल्या जगभर बदलाव्या लागल्या.

येथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता. केवळ ‘ही ओळ येथे का आहे?’ या प्रश्नाचे पूर्ण उत्तर हाती येण्यापूर्वी ती काढली गेली. परीक्षणाची खरी गरज येथेच असते. चालणारी गोष्ट बिघडली तर ती लगेच कळते. पण संरक्षण देणारी गोष्ट गेली तर सारे पूर्वीसारखेच चालताना दिसते.

६. परीक्षक काय पाहतो?

लहान पॅच हाती आल्यावर परीक्षक पुढील गोष्टी पाहतो.

*(अ) अर्थ बदलला का?* साफसफाईचा पॅच केवळ रूप बदलतो, असा त्याचा दावा असतो. तो दावा खरा आहे का, हे पाहणे परीक्षकाचे पहिले काम. केवळ रिकाम्या जागा बदलल्या असतील तर त्या दुर्लक्षून फरक दाखवणारी साधने आहेत. त्यांनी फरक दाखवला तर काहीतरी जास्तीचे बदलले आहे, हे कळते. बदलापूर्वीचे आणि नंतरचे यंत्रभाषेतील रूप ताडून पाहणे, हाही एक मार्ग आहे.

*(आ) एका पॅचमध्ये एकच काम आहे का?* रिकाम्या जागा नीट करता करता एखाद्या अटीतही बदल केला, तर पन्नास निरुपद्रवी ओळींच्या गर्दीत ती एक ओळ नजरेतून सुटते. म्हणून परीक्षक असा पॅच वेगळा करून पाठवण्यास सांगतो.

*(इ) ‘का’ याचे उत्तर दिले आहे का?* ‘चेकपॅचने इशारा दिला’ हे पुरेसे कारण नाही. साधन इशारा देते. निर्णय माणसाने घ्यायचा असतो. नियम मोडल्याने मजकूर अधिक वाचनीय होत असेल, तर तो तसाच ठेवणे बरे, असे कर्नलच्या मार्गदर्शनातही सांगितले आहे.

या तिसऱ्या मुद्द्याचे एक नेहमीचे उदाहरण पाहू. एखाद्या उपकरणाला आज्ञा दिल्यावर क्षणभर थांबावे लागते. त्यासाठी कर्नलमध्ये दोन पद्धती आहेत. ‘यूडिले’ या पद्धतीत संगणक जागच्या जागी ताटकळत उभा राहतो. ‘यूस्लीप-रेंज’ या पद्धतीत ते काम थोडा वेळ झोपी जाते आणि दरम्यान संगणक दुसरी कामे करतो. दूध उतू जाऊ नये म्हणून चुलीपाशी उभे राहणे आणि गजर लावून आडवे होणे, यांत जो फरक आहे तोच येथे आहे. दुसरी पद्धत काटकसरीची असल्याने चेकपॅच अनेक ठिकाणी ती सुचवते. नवखा विकासक सूचना वाचतो, शब्द बदलतो आणि पॅच पाठवतो.

परंतु कर्नलमध्ये काही प्रसंगी झोपण्यास सक्त मनाई असते. ज्याच्या कमरेला कोठाराची किल्ली आहे आणि ज्याच्यासाठी सारे दाराशी खोळंबले आहेत, त्याने झोपून कसे चालेल? अशा वेळी झोपल्यास संगणक अडकून पडू शकतो. म्हणून परीक्षक विचारतो, “ही जागा झोपण्यास योग्य आहे, हे कशावरून ठरवले? प्रत्यक्ष उपकरणावर चाचणी घेतली का?” उत्तर नसेल तर पॅच स्वीकारला जात नाही.

दुसरे उदाहरण अक्षरांची माळ एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवून घेण्याचे. यासाठी पूर्वी ‘स्ट्रएलकॉपी’ नावाची सोय होती. तिच्या जागी अधिक सुरक्षित ‘स्ट्रएसकॉपी’ आणण्याचे काम अनेक वर्षे चालले आणि २०२४ मध्ये जुनी सोय कर्नलमधून पूर्णपणे काढण्यात आली. दोन्ही नावांत एकाच अक्षराचा फरक; पण उत्तर देण्याची रीत मात्र वेगळी. जुनी सोय मूळ माळेची पूर्ण लांबी सांगते. नवी सोय प्रत्यक्षात किती अक्षरे उतरली ते सांगते आणि जागा अपुरी पडल्यास ऋण संख्या देते. जेथे उत्तराकडे कोणी पाहतच नाही, तेथे ही अदलाबदल सोपी असते. जेथे उत्तरावर पुढचा हिशेब अवलंबून असतो, तेथे केवळ नाव बदलल्याने हिशेब चुकतो. म्हणून शंभर ठिकाणी तोच बदल असला, तरी शंभर वेळा पाहावे लागते.

*(ई) हा बदल करणे योग्य आहे का?* बदल अचूक असूनही तो नको असू शकतो. हा प्रश्न अवघड आहे, म्हणून त्याचा स्वतंत्र विचार करू.

७. साफसफाईची किंमत

कर्नलचा सारा इतिहास ‘गिट’ नावाच्या व्यवस्थेत जपलेला असतो. ही व्यवस्थाही टॉर्वल्ड्‌स यांनीच २००५ मध्ये तयार केली. कोणतीही ओळ शेवटी कोणी, केव्हा आणि का बदलली, हे तीत शोधता येते. दोष शोधणारा माणूस याच मार्गाने मागे मागे जातो. केवळ रिकामी जागा बदलणाऱ्या पॅचनेही त्या ओळीवर नवे नाव आणि नवी तारीख चढते. मूळ कारण एक पायरी मागे लपते.

शिवाय, प्रसिद्ध झालेल्या काही जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षे वापरात असतात. नव्या आवृत्तीतील सुरक्षाविषयक दुरुस्ती त्यांतही बसवावी लागते. मधल्या काळात त्याच ओळींची विनाकारण फेररचना झाली असेल, तर दुरुस्ती सरळ बसत नाही. ती हाताने जुळवावी लागते आणि त्यात नवी चूक होऊ शकते. म्हणून स्थिरावलेल्या विभागांत निव्वळ रूप बदलणाऱ्या पॅचचे सहसा स्वागत होत नाही. त्या भागात दुसरे काही काम करत असताना साफसफाईही करावी, असा संकेत आहे.

सर्वांत दुर्मीळ वस्तू म्हणजे परीक्षकाचा वेळ. पॅच तयार करण्यास पाच मिनिटे लागली, तरी तो तपासण्यास कधी कधी अर्धा तास लागतो. यासाठी काही साधने मदतीस आली आहेत. फ्रान्समधील संशोधकांनी तयार केलेले ‘कॉक्सिनेल’ हे साधन एकाच नमुन्याचा बदल साऱ्या कर्नलमध्ये शोधून करू शकते. ‘कॉक्सिनेल’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ चित्रांग भुंगेरा. पिकावरील मावा खाणारा हा शेतकऱ्याचा मित्रकीटक. नाव समर्पक आहे. तरीही त्याने सुचवलेला बदल अखेरीस माणसालाच वाचावा लागतो.

८. नव्यांसाठी उघडे दार

मग साफसफाईचे पॅच पाठवूच नयेत का? तसे नाही. कर्नलमध्ये ‘स्टेजिंग’ नावाचा एक विभाग २००८ मध्ये सुरू झाला. उपयुक्त, परंतु अद्याप कर्नलच्या दर्जाला न पोहोचलेल्या आज्ञावली तेथे ठेवल्या जातात आणि हळूहळू सुधारल्या जातात. तेथे साफसफाईचे स्वागत असते. अनेक विकासकांनी आपला पहिला पॅच याच विभागासाठी पाठवला आहे.

अशा पॅचचा खरा उपयोग पाठवणाऱ्याच्या शिक्षणासाठी असतो. चार ओळींच्या निमित्ताने त्याला मजकूर शोधणे, बदलणे, तपासणे, वर्णन लिहिणे, योग्य व्यक्तीकडे पाठवणे आणि टीका ऐकून पुन्हा सुधारणे, ही सारी रीत शिकता येते. पोहायला शिकणाऱ्याने प्रथम उथळ पाण्यात हातपाय मारावेत, तसेच हे आहे. मात्र उथळ पाण्यातच राहणे हे ध्येय नसते.

परीक्षकाच्या भाषेलाही येथे महत्त्व आहे. कर्नलच्या वर्तुळात पूर्वी कठोर, क्वचित अपमानकारक बोलणे रूढ होते. सप्टेंबर २०१८ मध्ये टॉर्वल्ड्‌स यांनी आपल्या अशा वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही काळ कामातून विश्रांती घेतली, आणि त्याच सुमारास प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. दोष पॅचमध्ये असतो, पाठवणाऱ्या माणसात नव्हे, हे भान ठेवून केलेली टीका शिकवते. अन्यथा ती केवळ दुखावते. त्याचबरोबर, नव्या माणसाला बरे वाटावे म्हणून न समजलेला पॅच स्वीकारणे हाही दयाळूपणा नव्हे. त्याची किंमत तो फोन किंवा तो संगणक वापरणाऱ्या अनोळखी माणसाला मोजावी लागते.

९. विश्वास आणि पडताळणी

या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी विश्वास आहे. २०२० मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या काही संशोधकांनी या विश्वासाचीच परीक्षा घेतली. लहान सुधारणा वाटाव्यात, पण आत दोष दडलेला असावा, असे काही पॅच त्यांनी खरी ओळख लपवून पाठवले. परीक्षक फसतात का, हे त्यांना पाहायचे होते. ही गोष्ट उघड झाल्यावर परीक्षकांमध्ये संताप उसळला. आपल्या वेळेचा आणि सद्‌भावनेचा वापर संमतीशिवाय प्रयोगासाठी झाला, असे त्यांचे म्हणणे होते. एप्रिल २०२१ मध्ये त्या विद्यापीठाकडून येणारे पॅच स्वीकारणे थांबवण्यात आले आणि पूर्वी आलेले चारशेहून अधिक पॅच पुन्हा तपासण्यात आले. त्यांतील बहुसंख्य निर्दोष निघाले. संशोधकांनी माफी मागितली आणि आपला शोधनिबंध मागे घेतला.

या प्रकरणाने एक कटू सत्यही समोर आले. लहान पॅचकडे सौम्य नजरेने पाहिले जाते आणि त्यातच धोका असतो. ‘मी हा पॅच तपासला आहे’ असे लिहून परीक्षक आपले नाव देतो, तेव्हा त्यात एकही दोष नाही, अशी हमी तो देत नाही. आपण तो लक्षपूर्वक वाचला, शंका विचारल्या आणि आपल्या समजुतीप्रमाणे तो योग्य आहे, एवढेच तो सांगतो. पण एवढे सांगण्यासाठी प्रत्यक्ष वाचलेले असणे आवश्यक असते.

१०. समारोप

लिनक्सचा कर्नल हे कोणा एका प्रतिभावंताचे काम राहिलेले नाही. प्रत्येक आवृत्तीमागे हजाराहून अधिक माणसांचे हात असतात. त्यांतील पुष्कळ जण एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. त्यांना जोडणारा धागा म्हणजे लिहून ठेवलेले कारण आणि लक्षपूर्वक केलेले वाचन. बदल मोठा असो की एका ओळीचा, तो करणाऱ्याने ‘का’ ते सांगावे आणि पाहणाऱ्याने ‘खरेच का?’ असे विचारावे, एवढ्या साध्या शिस्तीवर हे प्रचंड काम उभे आहे. हिशेबाची वही, दस्तऐवजाची नक्कल, औषधाची चिठ्ठी किंवा छापखान्यातील मुद्रित, कोठेही दुसऱ्याच्या कामावर आपले नाव घालण्याची वेळ आली, तर हीच शिस्त उपयोगी पडते.

शब्दार्थ

आज्ञावली – संगणकाने करावयाच्या कामांची क्रमवार लिहिलेली मांडणी
स्रोत – आज्ञावलीचा माणसाने लिहिलेला मूळ मजकूर
चल – किंमत साठवण्यासाठी दिलेले नाव
यादृच्छिक – कोणताही ठरावीक क्रम नसलेले
हेतुपुरस्सर – मुद्दाम, ठरवून
मुद्रित – छपाईपूर्वी तपासण्यासाठी काढलेली प्रत
समर्पक – योग्य, नेमके लागू पडणारे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कर्नल कोणकोणती कामे करतो?
(आ) ‘=’ आणि ‘==’ या चिन्हांच्या अर्थांत कोणता फरक आहे?
(इ) ‘स्टेजिंग’ विभागात कोणत्या आज्ञावली ठेवल्या जातात?

२. कारणे द्या.
(अ) २००३ मध्ये कर्नलच्या नकलेत घुसवलेल्या ओळी लवकर पकडल्या गेल्या.
(आ) स्थिरावलेल्या विभागांत निव्वळ रूप बदलणाऱ्या पॅचचे स्वागत होत नाही.

३. ‘चालणारी गोष्ट बिघडली तर ती लगेच कळते, पण संरक्षण देणारी गोष्ट गेली तर सारे पूर्वीसारखेच चालताना दिसते.’ डेबियनच्या उदाहरणाच्या आधारे हे विधान आठ ते दहा ओळींत स्पष्ट करा.

४. ऱ्हस्व-दीर्घामुळे अर्थ बदलणाऱ्या, पाठात न आलेल्या तीन शब्दजोड्या लिहून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

५. तुमच्या घरी, शेतात, दुकानात किंवा कामाच्या ठिकाणी ‘अनावश्यक’ म्हणून काढून टाकलेली एखादी गोष्ट पुढे आवश्यक ठरली असेल, तर तो प्रसंग आपल्या शब्दांत लिहा. ती काढण्यापूर्वी कोणता प्रश्न विचारायला हवा होता, तेही लिहा.